हिरवा मिनार पाहून फॉर्म भरू नका

‘आपल्याच मुसलमान पोरांनी बनवलंय, त्यात कसली भीती?’ असं हिरव्या मिनाराचं चिन्ह असलेल्या नमाजच्या ॲपबद्दल आमच्या जमातीचे चिटणीस भर सभेत म्हणाले आणि विषय तिथेच संपला. मी सभेत नव्हते, बायका नसतातच. माझं पत्र भावाने वाचून दाखवलं. अर्धं वाचून होतंय तोच सदरसाहेबांनी त्याला खाली बसवलं. ‘बाईंना सांग, भूगोल शाळेत शिकवा.’ सगळे हसले म्हणे. घरी येऊन हे सांगताना भाऊही हसत होता. त्या हसण्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

पत्रात काय होतं ते इथे तरी पूर्ण लिहिते. नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपच्या फॉर्ममध्ये लग्नाच्या मुलींची वयं आणि फोटो कशाला हवेत? कुवेतला असलेल्या माणसाचा पगार कशाला? जकातीला पात्र घरांची यादी कशाला? आणि फोनचं लोकेशन चोवीस तास चालू कशाला? ॲप फुकट होतं. कंपनी म्हणत होती, ही आमची खिदमत. मग या खिदमतीचा खर्च कोण भरतो, हेही मी विचारलं होतं. उत्तर आजतागायत नाही.

लोकेशनच्या प्रश्नावर तर मला वेड्यात काढलं गेलं. ‘लोकेशनशिवाय वेळ कशी कळणार?’ अहो, भूगोल तिथेच तर लागतो. नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात. अक्षांश, रेखांश, तारीख आणि फजर-इशाचा कोन एवढं कळलं की गणित फोन स्वतःच करतो, इंटरनेटही लागत नाही. कराचीची पद्धत निवडली तर दोन्ही कोन १८ अंशांचे. पृथ्वी एक रेखांश फिरायला ४ मिनिटं घेते आणि आपल्या कोकणात एक रेखांश म्हणजे शंभरेक किलोमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम पंचवीस किलोमीटर गेलात तर मिनिटभराचा फरक. गावातल्या गावात बाजार, दवाखाना, माहेर करणाऱ्या बाईचा माग काढून वेळेत काय फरक पडणार? किब्लाही हलत नाही. रत्नागिरीहून तो पश्चिमेपासून साधारण १३ अंश उत्तरेकडे आहे आणि तिथेच राहणार. गावाचं नाव एकदा हाताने टाकलं की काम झालं.

आणि गंमत बघा, एवढी माहिती गोळा करणाऱ्यांना आम्ही शाफई आहोत हे माहीत नव्हतं. असर हनफी हिशोबाने लावलेली. आपल्याकडे माध्यान्हीची सावली वजा करून सावली वस्तूएवढी झाली की असरची वेळ होते, त्यांच्याकडे दुप्पट व्हावी लागते. ॲपची अजान पाऊण-एक तास उशिरा व्हायची आणि मशिदीत तोवर सामूहिक नमाज होऊन गेलेली असायची. घरोघरचे पगार माहीत, मसलक माहीत नाही!

मी हवेत बोलत नव्हते. २०२० च्या नोव्हेंबरात ‘मदरबोर्ड’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने बातमी दिली होती. ‘मुस्लिम प्रो’ हे तेव्हा ९ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं ॲप. त्यातून लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या दलाल कंपनीकडे जात होतं आणि त्या दलालाच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आम्ही लष्कराला काही विकलं नाही, असं ॲपवाल्यांनी सांगितलं आणि त्या दलालाशी संबंध तोडले. पुढे २०२२ मध्ये गूगलने काही ॲप्स काढून टाकली. त्यांत नमाजचं एक ॲपही होतं, कारण आत बसवलेला परक्या कंपनीचा कोड गुपचूप फोन नंबर गोळा करत होता. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडच्या वारस कंपनीला संवेदनशील जागांचं लोकेशन विकायला मनाई केली. प्रार्थनास्थळं त्या जागांत येतात. ही कात्रणं मी पत्राला जोडली होती. परत आली तेव्हा त्यांवर चहाचा डाग होता.

मग रमजानात दुपारी फोन आला. पलीकडच्या मुलीने हिंदीत अब्बांचं पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, आणि विचारलं, साहेब आहेत का? उमऱ्यासाठी पर्सनल लोन मंजूर झालंय, व्याज अगदी कमी. माझे अब्बा हयात नाहीत. त्यांचा जनाजा याच जमातीने उचलला. माझा नंबर बँकेत, शाळेत, सगळीकडे माझ्याच नावावर आहे. अब्बांच्या नावापुढे तो एकाच ठिकाणी होता. जमातीच्या वहीत कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचं नाव कुणी बदललं नव्हतं आणि चंद्याच्या पावतीसाठी मुन्शीने समोर माझा नंबर लिहिला होता. ती वही जशीच्या तशी ॲपमध्ये चढली. मला न विचारता.

मी त्या मुलीला काही बोलले नाही, ती पोटासाठी फोन करते. पण उमऱ्याला जायला व्याजाचं कर्ज, तेही रोजा असताना, तेही मयताच्या नावाने! फोन ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं की सभेत जाऊन ओरडावं.

चिटणीस म्हणाले, ‘योगायोग असेल.’ कंपनीच्या माणसाने तर कमाल केली. ‘मॅडम, आम्ही डेटा विकत नाही, पार्टनरबरोबर शेअर करतो.’ हे त्याने अभिमानाने सांगितलं. त्याच महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका विधवेला फोन आला की जकात मंजूर झालीय, फाइल चार्ज भरा. तिने भरला. पोलिसांत जायला ती तयार नाही, कारण मग ती जकात घेते हे गावभर होईल. गरजूला गुपचूप द्यावं ही शिकवण कुराणात आहे आणि आम्ही त्यांची यादी परक्याच्या हाती दिली. सदरसाहेबांनी अजून एका शब्दानेही ‘बाई बरोबर होत्या’ असं म्हटलेलं नाही. कुठलं शीतपेय प्यायचं नाही याच्या याद्या मात्र ते रोज पाठवतात.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्याच्या पाळतीवर राहायला मनाई आहे. सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला मनाई आहे. फोन हे आता घरच आहे. हराम फक्त खाण्यात शोधायचं आणि खिशातल्या वस्तूला मोकळं सोडायचं, हे मला पटत नाही.

तुम्हाला करता येईल ते सांगते. नमाजच्या ॲपची लोकेशनची परवानगी आजच बंद करा, गाव हाताने टाका. असर आपल्या मसलकाप्रमाणे आहे का ते तपासा. जाहिराती दाखवणारं ॲप काढा. एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावर नमाजची ॲप्स मिळतात, त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. वाचनासाठी ‘कुरान फॉर अँड्रॉइड’ आहे, फुकट आणि जाहिरातींशिवाय. जमातीच्या खासगी गोष्टींसाठी सिग्नल हे संदेशांचं ॲप वापरा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एका न्यायालयातून सिग्नलवाल्यांकडे माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला खातं उघडल्याची आणि शेवटचं जोडल्याची वेळ एवढंच होतं. अर्थात सिग्नलवरही चिटणीस चुकीच्या माणसाला यादी पाठवू शकतातच. पासवर्ड नीट ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगते.

जमातीची यादी लागतेच, नाही म्हणत नाही. ती एका संगणकावर, लिबरऑफिसच्या पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा. जकातीची यादी वेगळी, दोघांपेक्षा जास्त लोकांच्या हाती नको. मुलींचे फोटो कुठेच नकोत.

ॲप आधीच घेतलं असेल तर नाव काढायला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण अर्ज आजच द्या, तारीख पडते.

तुमच्या जमातीत असा फॉर्म आला तर भरण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: पैसे कुठून येतात, माहिती कुणाकुणाला जाते आणि नाव काढायचं झालं तर कुणाला भेटायचं. उत्तर येईपर्यंत कोरा फॉर्म परत करा. आणि ज्या सभेत हे ठरणार असेल तिथे घरातल्या बाईचं पत्र अर्ध्यावर थांबवू नका.