धूर नसलेले व्यसन

तंबाखूविरोध म्हटला की डोळ्यांपुढे सिगारेट येते. 2003 च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु महाराष्ट्राचे दुखणे निराळे आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के चुना-तंबाखू, मिश्री, गुटखा यांचे सेवन करणारे आढळले. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. मिश्रीची डबी मात्र घरोघरी राहिली. धूर दिसत नाही म्हणून कोणी हटकत नाही. तरीही तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये गालाच्या आतील त्वचेशी सतत भिडत असतात. न भरणारा व्रण, पांढरा चट्टा, तोंड पुरते न उघडणे, ही धोक्याची लक्षणे होत. तेव्हा कोलशेतच्या विद्यार्थ्यांनी फलक जरूर लावावेत. पण खरा प्रचार आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू करावा.