दुर्बिणीद्वारे केलेल्या स्त्रीरोग-शस्त्रकर्मानंतरचे मूत्रमार्गाचे उपद्रव

गर्भाशयोच्छेदन, बीजकोशातील ग्रंथी काढणे, कुटुंबनियोजन ही शस्त्रकर्मे दुर्बिणीद्वारे होणे आता परभणी जिल्ह्यातही नवलाचे राहिलेले नाही. जखम लहान, वेदना कमी आणि रुग्णालयातील मुक्काम अल्प, हे या पद्धतीचे निर्विवाद गुण होत. मात्र रुग्णा लवकर घरी परतत असल्याने नंतर उद्भवणारी तक्रार प्रथम गावातील वैद्याच्या किंवा औषध-विक्रेत्याच्या कानी पडते. म्हणून या विषयाचा विचार येथे करीत आहोत.

शास्त्राधार

बस्ति हे सद्यःप्राणहर मर्म होय. त्याचा भेद एका बाजूने झाल्यास मूत्रस्रावी व्रण होतो व तो प्रयत्नपूर्वक चिकित्सेने भरून येतो, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात, अश्मरीच्या शस्त्रकर्माचे वर्णन करताना, ते याहून नेमका इशारा देतात. स्त्रियांमध्ये गर्भाशय बस्तीच्या निकट असतो. त्यामुळे शस्त्र विशिष्ट पद्धतीने चालवावे, अन्यथा मूत्रस्रावी व्रण होतो. साधने बदलली, पण शरीररचना तीच आहे.

रचनेतील धोक्याच्या जागा

बस्तीची मागची भिंत गर्भाशयग्रीवेला लागून असते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीत ही जागा व्रणवस्तूने चिकटलेली असते व ती सोडविताना बस्तीस छिद्र पडू शकते. गविनी, म्हणजे युरेटर, गर्भाशयग्रीवेच्या बाजूने सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर अंतरावरून, गर्भाशय-धमनीच्या खालून जाते. धमनी बांधताना किंवा दाहयंत्राने बंद करताना गविनी चिमटली, कापली वा भाजली जाण्याची शक्यता असते. श्रोणीच्या कडेवर बीजकोशाच्या रक्तवाहिन्या बांधतानाही हाच धोका संभवतो. असे प्रमाद शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी रुग्णांत घडतात. परंतु ज्या स्त्रीत घडतात तिचे वृक्क पणाला लागते.

कालानुसार लक्षणे

१. पहिले दोन दिवस : कॅथेटर काढल्यावर सहा तासांत मूत्रप्रवृत्ती न होणे, ओटीपोट तटतटणे, मूत्र लालसर येणे. भूल आणि वेदना यांमुळे होणारा मूत्ररोध बहुधा तात्पुरता असतो. पण बस्ति ताणलेली ठेवणे हानिकारक होय.

२. तिसऱ्या दिवसापासून : थंडी वाजून ताप, मूत्रदाह, वारंवार मूत्रप्रवृत्ती. कॅथेटरमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाची ही लक्षणे होत. मात्र पोट फुगणे, उलट्या, अन्नद्वेष आणि मूत्राचे प्रमाण घटणे ही लक्षणे सोबत असतील, तर मूत्र उदरात झिरपत असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी झिरपलेले मूत्र पुन्हा शोषले जाऊन रक्तातील क्रिएटिनिन वाढते.

३. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, क्वचित त्याहूनही उशिरा : भाजलेला भाग मृत होऊन गळतो व योनिमार्गे मूत्र झिरपू लागते. दुर्बिणीच्या शस्त्रकर्मात दाहयंत्राचा वापर अधिक असल्याने हा उशिराचा उपद्रव विशेष लक्षात ठेवावा. पहिला आठवडा सुखरूप गेला म्हणून धोका टळला, असे समजू नये.

गविनी पूर्ण बांधली गेल्यास कधी केवळ कुशीत मंद वेदना होते, कधी तीही होत नाही, आणि वृक्क हळूहळू निकामी होते. म्हणून शस्त्रकर्मानंतरच्या कुशीतील वेदनेस वातज म्हणून सोडून न देता सोनोग्राफी करवावी.

श्वेतस्राव की मूत्रस्राव?

रात्रंदिवस कपडा ओला राहणे, मूत्राचा वास येणे, मांड्यांची त्वचा सोलवटणे ही मूत्रस्रावाची लक्षणे आहेत. सतत झिरपून स्वाभाविक मूत्रप्रवृत्ती जवळजवळ थांबली असेल तर छिद्र बस्तीस असण्याचा संभव अधिक. झिरपणे चालू असून मूत्रप्रवृत्तीही नेहमीसारखी होत असेल तर एका बाजूच्या गविनीचा विचार करावा. रुग्णालयात बस्तीत निळे द्रावण भरून योनीत बोळे ठेवतात. बोळा निळा झाल्यास दोष बस्तीचा. ओला पण बिनरंगी राहिल्यास गविनीचा.

आपली चिकित्सा व तिची मर्यादा

अवरोध किंवा छेद नाही, हे निश्चित झाल्यावरच मूत्रल द्रव्यांचा विचार करावा. गोक्षुर, पुनर्नवा, तृणपंचमूळ, चंद्रप्रभा वटी ही मूत्रकृच्छ्रात उपयुक्त द्रव्ये आहेत. परंतु मार्ग अडलेला असताना मूत्र वाढविणे म्हणजे ताण वाढविणे होय. छिद्रावर औषधी योग देत दिवस घालविणे तर सर्वथा अनुचित. या काळात उत्तरबस्ति देऊ नये. बस्तीचे लहान छिद्र लवकर कळले तर केवळ कॅथेटरद्वारे बस्ति रिकामी ठेवूनही भरून येऊ शकते. म्हणून लावलेला कॅथेटर रुग्णेच्या आग्रहास्तव काढू नये व पिशवी नेहमी बस्तीच्या पातळीखाली ठेवण्यास सांगावे. गविनीच्या काही इजांत वेळीच नळी बसविल्यास मोठे शस्त्रकर्म टळते.

औषध-विक्रेत्यांस विनंती

नुकतेच शस्त्रकर्म झालेल्या स्त्रीसाठी कोणी लघवीच्या जळजळीचे औषध मागितल्यास शस्त्रकर्म कधी झाले, ताप आहे का, कपडा ओला राहतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. क्षारयुक्त पातळ औषधाने दाह शमतो, वेदनाशामकाने ताप दबतो. निदान मात्र लांबते. वेदनाशामके वृक्कासही अपायकारक ठरू शकतात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देऊ नये. त्यापूर्वी मूत्राची कल्चर तपासणी होणे आवश्यक आहे.

जिल्ह्याचा विशेष विचार

शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयोच्छेदनाचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला व शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालम या भागांतूनही मजूर कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीस जातात. मूत्र झिरपत असताना फडावर मोळ्या वाहणारी स्त्री लाजेने ते नवऱ्यालाही सांगत नाही, आणि कारखान्यावर विचारणारे कोणी नसते. म्हणून गावातून निघण्यापूर्वी शस्त्रकर्माची चौकशी व तपासणी करणे हे आपले कर्तव्य ठरते. तसेच शस्त्रकर्म खरोखर आवश्यक आहे काय, याबद्दल दुसरे मत घेण्याचा सल्ला आधीच द्यावा.

रुग्णेस पाठविताना शस्त्रकर्माची तारीख, डिस्चार्ज कार्ड, लक्षणांचा क्रम व दिलेली औषधे यांची नोंद सोबत द्यावी. शल्यचिकित्सकाशी दूरध्वनीवर बोलावे. दोषारोप न करता वृत्तांत सांगावा. मूत्रस्रावी व्रण भरून येतो, असे शास्त्र सांगते, पण प्रयत्नपूर्वक उपचाराच्या अटीवर. आणि त्या प्रयत्नातील पहिला टप्पा, वेळीच संशय घेण्याचा, आपल्या हाती आहे.