नव्या ट्रॅक्टराचे पहिले शंभर तास

नवे यंत्र दारात आले म्हणजे घरची मंडळी त्यास हळदकुंकू वाहून नारळ फोडतात आणि मालकाचे मन त्याच्या अश्वशक्तीत रमून जाते. परंतु ट्रॅक्टराची खरी परीक्षा त्यानंतर, काळ-काम-वेगाच्या हिशेबाने होते. गतवर्षी प्रस्तुत लेखकाने कोरेगाव तालुक्यातील आपल्या 6 एकर जमिनीकरिता 24 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कर्ज काढून घेतला. लेखकाचे बिऱ्हाड परळास; सबब यंत्र चालविण्याचे काम गावी असणाऱ्या पुतण्याकडे ताशी मजुरीने सोपविले. पहिल्या 100 तासांत जे अनुभवास आले, ते समव्यवसायी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

हलके यंत्र, जड काम

या जातीचा ट्रॅक्टर केवळ नांगर ओढण्यासाठी नसतो. रोटाव्हेटर, फवारणी पंप, मळणी यंत्र ही सर्व त्याच्या मागील फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, चालतात. अवजार धरणारी तीन दांड्यांची जोड हॅरी फर्ग्युसन याने सिद्धीस नेली व 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरावर ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. तिच्या योगे अवजाराचे वजन व ओढीचा काही भार मागील चाकांवर येतो, चाके जमीन धरून राहतात आणि हलके यंत्रही जड काम करते. मात्र झाडाचा बुंधा ओढावयाचा झाल्यास साखळी उंचावर कधीही बांधू नये. पुढची चाके उचलली जाऊन यंत्र चालकाच्या अंगावर उलथते. साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी.

कामाचे माप

आमचा रोटाव्हेटर 1.2 मीटर रुंद आहे. ताशी 3 किलोमीटर वेगाने तो एका तासात 3,600 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस गुंठे रान काढील असे कागदावर दिसते. परंतु बांधाशी वळण्यात व एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढविण्यात पाचवा हिस्सा वेळ जातो. प्रत्यक्षात तासास 28 गुंठे पडतात. एकरास 1 तास 25 मिनिटे. डिझेल मोजण्याकरिता टाकी काठोकाठ भरावी, काम करावे आणि त्याच सपाट जागी उभे करून पुन्हा काठोकाठ भरावी. जितके मावेल तितके जळाले. आमच्या रानात एकरी सव्वाचार लिटर लागले. वाफसा येण्यापूर्वी यंत्र रानात घातल्यास चाकांखाली माती दबते व ढेकळे निघतात. बैल ओल्या रानात पाऊल टाकण्यास कचरतो. यंत्र कचरत नाही, म्हणून विचार मालकानेच करावयाचा.

घड्याळाची गोष्ट

येथे मजकडून एक चूक घडली, ती सांगणे अवश्य आहे. घेवड्याच्या पेरणीचे दिवशी पुतण्याने वहीत 6 तास लिहिले. ट्रॅक्टरावरील घड्याळ मात्र साडेचार तासच पुढे सरकले होते. महसूल खात्याच्या दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसास कागद आणि माणूस यांत तफावत पडली की कागदच खरा वाटतो. मी दीड तासाची मजुरी कापली. तो काही बोलला नाही.

पुढे पहिल्या देखभालीस आलेल्या मिस्त्रीने उलगडा केला. हे घड्याळ वेळ मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजते. मिनिटास 2,000 फेरे असतील तरच ते तासास एक तास चालते. पेरणी 1,500 फेऱ्यांवर झाली होती. म्हणजे तासास 45 मिनिटे, आणि 6 तासांस बरोबर साडेचार. रोटाव्हेटर भर फेऱ्यांवर चालतो, म्हणून त्या दिवशी दोन्ही घड्याळे जुळली होती. मी कापलेली मजुरी दिली व वहीतील शेरा खोडून खाली सही केली. घरातील अबोला सुटण्यास मात्र आणखी काही दिवस लागले.

तेव्हा खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे की घड्याळ फेरे मोजते की वेळ. फेरे मोजणारे असेल तर मजुरी मनगटी घड्याळावर द्यावी आणि तेल बदलण्याचा हिशेब यंत्राच्या घड्याळावर ठेवावा.

फायदा कशात?

समजा व्याज, घसारा व विमा मिळून वर्षास 90,000 रुपये पडतात. माझ्या 6 एकरांस वर्षाकाठी सुमारे 90 तासांचेच काम आहे. तासास 1,000 रुपये, वर डिझेल व मजुरी निराळी. याहून भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त. तेच काम 450 तासांवर गेले तर हा बोजा तासास 200 रुपयांवर येतो.

म्हणून शेजारच्या पाच खातेदारांशी बोलून त्यांची मशागत आम्ही अंगावर घेतली आहे. ते पैसे देतात ते पुतण्याच्या वहीवर विश्वास ठेवून; ज्या वहीवर मी एकदा संशय घेतला तीच आज आमची पत आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कर्जाचा बोजा चढला आहे. तो कमी होण्यास अश्वशक्ती पुरत नाही, तास भरावे लागतात. खरेदीपूर्वी प्रत्येकाने आपले तास मोजावेत. ते न भरल्यास दोघा-चौघांनी मिळून यंत्र घ्यावे, हेच श्रेयस्कर.