गाडी परत आणायची असते

पोरी, तुला स्पोर्ट्स प्रोटोटाइपच्या चाचणीचं काम मिळालं हे कळल्यापासून तुझ्या आईनं देव पाण्यात घातलेत, आणि तुझा भाऊ अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलाय की ताई आता रेस जिंकणार. दोघांनाही शांतपणे सांग, की चाचणीत जिंकणं-हरणं नसतं. आजवर फारसं कुणी न चालवलेली गाडी न्यायची, ती काय म्हणते ते ऐकायचं, आणि ते न विसरता, न फुगवता, गाडीसकट परत आणायचं. वेग तुझ्याकडे आहेच, त्यावर मी काय बोलणार? बाकीचं सांगतो. एका दमात संपवू नकोस, रोज थोडं वाच.

१. आदल्या रात्री वेळेवर जेव, वेळेवर झोप — पेंगुळलेल्या अंगाला गाडीची बारीक तक्रार कळत नाही, आणि ती मोठी झाल्यावर कळून उपयोग नसतो.

२. गळ्यातलं, बोटातलं, खिशातलं सगळं काढून ठेव — सुटलेली वस्तू घरंगळत नेमकी पेडलखाली जाते. आजीचा ताईतसुद्धा पिटमध्येच राहू दे. तिथूनही तो तुला राखेल.

३. बसण्याआधी बुटांचे तळवे कोरड्या फडक्यानं पूस, रोज, न चुकता — ओला तळवा ब्रेकवरून कधी सटकेल ते सांगून सटकत नाही.

४. पट्टे आवळताना आधी कमरेचा, खाली हाडावर बसेल असा, आणि मग खांद्यांचे — पोटावर चढलेला पट्टा धक्का बसला की पोटालाच इजा करतो.

५. मान धरून ठेवणारं ‘हान्स’ छोट्याशा फेरीलाही घाल — ते चाचणीतल्याच एका मृत्यूनंतर सुचलेलं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणी करताना पॅट्रिक जाकमार गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हा स्पोर्ट्स कार ड्रायव्हर, आणि डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक. दोघं मेहुणे मिळून कामाला लागले आणि आज जगभरातल्या ड्रायव्हरांच्या माना त्यामुळे शाबूत आहेत.

६. गाडी उभी असताना डोळे मिटून इंजिन बंद करण्याचं बटण, आग विझवण्याचं बटण आणि दाराची कडी शोध. दहा वेळा शोध — गरज पडेल तेव्हा धूर असेल किंवा तू उलटी लटकत असशील. नॉर्मन ड्यूइस हे जॅग्वारचे जुने चाचणी-ड्रायव्हर. १९७१ मध्ये इंग्लंडच्या मिरा ट्रॅकवर वेगात असताना ‘एक्सजे १३’चं चाक गेलं, तेव्हा त्यांनी इग्निशन बंद केलं आणि डॅशबोर्डखाली अंग चोरलं. गाडी कोलांट्या खाऊन मोडली, ड्यूइस वाचले आणि ९८ वर्षं जगले. बोटांना पाठ असलेलं भीतीत विसरत नाही, बाळा.

७. पहिल्या फेरीआधी विचार, की मार्शल किती, कुठे उभे आहेत, अग्निशामक कुठे, अँब्युलन्स कुठे. उत्तर पटलं नाही तर गाडीत बसू नकोस — शर्यतीला सगळे हजर असतात, चाचणीच्या दिवशी माणसं कमी असतात. मे १९८६ मध्ये फ्रान्सच्या पॉल रिकार्डवर एलिओ दे आंजेलिसच्या फॉर्म्युला वन गाडीचा मागचा विंग निघाला. गाडी उलटून पेटली आणि त्याला बाहेर काढायला पुरेशी माणसं नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गेला, तो धुरानं गुदमरून. हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. पिटमधला प्रश्न स्वस्त, वळणावरचा महाग.

८. बसण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा घाल आणि प्रत्येक क्लिप, प्रत्येक पिन स्वतःच्या हातानं दाबून बघ; मेकॅनिकनं आधी बघितली असली तरी बघ, तो रागावणार नाही — या गाड्यांचं पत्र्यासारखं दिसणारं अंगच त्यांना जमिनीवर दाबून धरतं. २ जून १९७० ला गुडवुडच्या ट्रॅकवर ब्रूस मॅक्लारेन नव्या ‘एम ८ डी’ची चाचणी घेत होता. सरळ रस्त्यावर वेगात असताना मागचं बॉडीवर्क सुटलं, दाब नाहीसा झाला आणि गाडी त्याच्या हातात राहिली नाही. स्वतःच्या नावाची गाडी, स्वतःची माणसं, आणि वय अवघं ३२.

९. पहिली फेरी एकच, हळू, आणि सरळ पिटमध्ये परत — तेल कुठे झिरपतं, नळी कुठे घासते हे तेव्हाच दिसतं. तुला ती फेरी वाया गेल्यासारखी वाटेल. दिवसातली सगळ्यांत कामाची तीच असते.

१०. थोड्या फेऱ्या झाल्या की चाकांची आवळण पुन्हा तपासायला सांग — नवे भाग तापून बसतात, आणि बसले की थोडे सैल होतात.

११. टायरचं प्रेशर गार असताना बघ, गरम असताना बघ, आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. एक चाक बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळं वागलं तर तिथेच थांब — टायर हळूहळू मरतो आणि एकदम फुटतो. एप्रिल २००१ मध्ये जर्मनीच्या लाउझिट्झ ट्रॅकवर मिकेले आल्बोरेटो ऑडी ‘आर ८’ची चाचणी करत होता. महिन्याभरापूर्वीच सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकलेला, १९९७ मध्ये ल माँची शर्यत जिंकलेला, अनुभवाला तोटा नाही. मागच्या टायरनं दगा दिला आणि सगळं संपलं. म्हणून सांगतो, प्रेशरच्या आकड्याला अनुभवाची भीड नसते.

१२. कार्बनचे ब्रेक तापल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा टाकू नकोस — गार असताना ते जेमतेम धरतात, आणि पहिलंच वळण तुझी वाट बघत असतं.

१३. कर्बवरून जोरात गेलीस किंवा गाडी गरकन फिरली, की पुढच्या सरळ रस्त्यावर डाव्या पायानं ब्रेक हलकेच दाबून बघ — धक्क्यानं पॅड मागे सरकतात, आणि ते वळणाच्या तोंडाशी कळणं बरं नाही.

१४. पिटमध्ये येऊन थांबलीस की ब्रेकवरचा पाय काढ — तापलेली डिस्क पॅडमध्ये धरून ठेवली तर एकाच जागी भाजते.

१५. ट्रॅक आधी साध्या गाडीतून पाठ कर. जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगची जुनी फेरी १९२७ ची, जवळपास २१ किलोमीटर, ७० हून जास्त वळणं आणि चढउतार ३०० मीटरचा — चढापलीकडे काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते आठवावं लागतं. तिथल्या कारुसेल वळणाच्या सिमेंटच्या उतारात चाकं कशी बसतात आणि फुक्सरोहर नावाच्या उताराच्या तळाशी गाडी कशी दबते, हे संथ गतीनंच कळतं.

१६. न्यूरबुर्गरिंगला पिटसमोर ऊन असलं तरी पलीकडच्या जंगलाची चौकशी कर — एवढ्या लांब फेरीत एका टोकाला कोरडं आणि दुसऱ्या टोकाला धो धो असं रोजचंच. पावसाला फेरी पुरी करायची नसते, तुला असते.

१७. आरसे बघत राहा — कंपन्यांच्या चाचणीच्या दिवशी त्याच रस्त्यावर कुणी जड एसयूव्ही तपासत असतो, कुणी तुझ्याहून वेगवान गाडी. ट्रॅकवर तेल सांडलेलं दिसलं तर त्याच क्षणी रेडिओवर सांग. तुझ्यामागून येणाऱ्याचीही आई कुठेतरी देव पाण्यात घालून बसलेली असते.

१८. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, इटलीत नार्दोला १२.६ किलोमीटरचा गोल. अशा ठिकाणी ठरलेल्या फेऱ्यांपुढे एकही जास्त करू नकोस — टायरला विसावा मिळत नाही, उष्णता साठत जाते, आणि तुला मात्र सगळं निवांत वाटत असतं.

१९. परत आल्यावर गाडीभोवती फिरून तिच्याकडे नीट बघ, नुसत्या स्क्रीनकडे नको — गाडी अंगावर लिहून आणते. ही गोष्ट मला फार आवडते. १९६९ ची पोर्शे ‘९१७’ अफाट वेगवान होती, पण सरळ रस्त्यावरसुद्धा इकडेतिकडे भरकटायची. भले भले ड्रायव्हर तिच्यात बसायला कचरायचे. त्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगच्या ट्रॅकवर चाचणी चालू असताना जॉन हॉर्समन या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की मेलेली चिलटं गाडीभर चिकटली आहेत, शेपटीवर मात्र एकही नाही. म्हणजे हवा शेपटीला शिवतच नव्हती, मग ती दाबणार काय? तिथल्या तिथे अॅल्युमिनियमचे पत्रे कापून, चिकटपट्टी लावून शेपटी उंच केली. ब्रायन रेडमन आणि कुर्ट आहरेन्स या ड्रायव्हरांच्या हाती मग वेगळीच, ताळ्यावर आलेली गाडी आली. पुढच्या वर्षी तिच्याच आखूड शेपटीच्या रूपानं पोर्शेला ल माँचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. यंत्र चुकेल, चिलट चुकणार नाही.

२०. एका वेळी एकच बदल — आमटीत मीठ, गूळ आणि आमसूल एकदम घातलं आणि चव सुधारली, तर कशानं ते कोण सांगणार? शेवटी पुन्हा पहिल्या मांडणीवर एक फेरी मार, कारण तेवढ्या वेळात ट्रॅकही बदललेला असतो.

२१. इंजिनिअरला दुखणं सांग, औषध सांगू नकोस. ‘स्प्रिंग कडक कर’ असं नाही. ‘तिसऱ्या वळणात शिरताना ठीक, मध्यावर नाक बाहेर जातं, निघताना मागचा भाग सुटतो’ असं — उपाय त्याच्याकडे दहा आहेत, तुझं अंग एकट्या तुझ्याकडे आहे.

२२. टेलिमेट्री बघण्याआधी स्वतःचं म्हणणं वहीत लिही — आलेख बघितल्यावर जे वाटलं नव्हतं तेही वाटल्यासारखं वाटतं. आणि एखादी गोष्ट कळली नसेल तर ‘कळलं नाही’ असं बोल. तुला शाळेपासून उत्तर येत नसलं की गोष्ट रचायची सवय आहे. ती इथे नको, तुझ्या शब्दावर उद्या कुणीतरी नवा भाग घडवणार आहे.

२३. फेऱ्या एकसारख्या मार, थोडा हात राखून — एक फेरी झंझावाती आणि पुढची ढिली झाली, तर फरक गाडीचा की तुझा हे कुणालाच ठरवता येत नाही.

२४. अनोळखी वास, अनोळखी थरथर, अनोळखी आवाज आला की लगेच आत ये, फेरी सोडून — काही निघालं नाही तर दहा मिनिटं गेली. चांगली टीम त्याबद्दल कधी बोलत नाही. बोलणारी टीम असेल तर मला फोन कर.

२५. दिवस संपताना ‘अजून एकच फेरी’ असं कुणी म्हणालं, तर ती नेमकी कशासाठी ते विचार — संध्याकाळी माणूसही थकलेला असतो, गाडीही. केन माइल्स १७ ऑगस्ट १९६६ ला कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइडवर फोर्डच्या ‘जे कार’ची चाचणी करताना गेला, दिवसभराचं काम संपत आलं होतं, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी सुटली. त्यानंतर फोर्डनं त्या गाडीचं रूप बदललं आणि आत पोलादी पिंजरा बसवला. पुढच्या वर्षी ल माँला त्याच वंशाच्या ‘मार्क ४’मध्ये मारियो आंद्रेत्ती जोरात आदळला आणि जिवंत बाहेर आला. माइल्सचं नाव घेताना तो पिंजरा आठवत जा.

२६. गाडीचे फोटो, आकडे, रंग, आवाज यातलं काहीही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, तुझ्या मावशीला तर नकोच — तिला कळलं की पुण्याला कळलं.

२७. मेकॅनिकांची नावं पहिल्या दिवशी पाठ कर, सकाळी त्यांच्याबरोबर चहा घे — ज्याच्याशी रोज बोलतेस तो ‘ताई, हा नट मला पटत नाहीये’ असं वेळेवर सांगतो.

२८. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देताना घाई कितीही असली तरी खिडकीशी वाकून तीन गोष्टी सांग: ब्रेकचं पेडल किती खाली जातं, कुठल्या वळणावर ओल आहे, आणि गिअर कुठे अडतो — वहीत लिहिलेलं त्यानं अजून वाचलेलं नसतं.