गिटारची गुणगुण कशी थांबवावी?

इलेक्ट्रिक गिटार ध्वनिवर्धकाला जोडली आणि एकही तार छेडली नाही, तरी पुष्कळदा ‘हंऽऽ’ असा आवाज येत राहतो. घरी ध्वनिमुद्रण करताना तो फारच खटकतो. हा आवाज येतो कोठून, आणि तो घालवावा कसा?

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीमुळे मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली ‘पिकअप’ असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती कंप पावली, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

परंतु वेटोळ्याला आपपरभाव नाही! भारतात घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मर किंवा पंखा यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलते आणि वेटोळे तेही टिपते. शिवाय १००, १५० हर्ट्झ अशा पटीतील वारंवारता सोबत येतात. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झ वारंवारतेने कंप पावते. म्हणजे गुणगुण सुरांतच मिसळते. सुरांना धक्का न लावता ती गाळून काढणे अवघड असते.

यावर अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी सुंदर तोडगा काढला. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९५९ साली ते मिळाले. त्यांनी शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवली. दुसऱ्याचे वेढे उलट जोडले आणि त्याचा चुंबकही उलटा बसवला. बाहेरची गुणगुण चुंबकावर अवलंबून नसते; तिचे चिन्ह फक्त वेढ्यांमुळे बदलते. म्हणून (+१) + (−१) = ०. तारेच्या सुराचे चिन्ह मात्र दोनदा बदलते: (−१) × (−१) = +१. म्हणून १ + १ = २. गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, सूर उरतो!

तुमच्या गिटारला एकेरी वेटोळे असेल तर काय करावे? ट्रान्सफॉर्मर, चार्जर व दिव्यांचे डिमर यांपासून दूर बसा. मग गिटार हातात धरून हळूहळू वळवा. वेटोळ्याचा अक्ष बाहेरच्या क्षेत्राशी काटकोनात आला, की वेटोळ्यातून ते क्षेत्र जात नाही आणि गुणगुण सर्वांत कमी होते. त्याच दिशेने बसून वाजवा.

संगणक आणि ध्वनिवर्धक दोन वेगळ्या ठिकाणच्या सॉकेटांना जोडले, तर अर्थिंगच्या तारांचे एक मोठे वेटोळे बनते व त्यातूनही गुणगुण येते. दोन्ही एकाच बोर्डावर जोडा. अर्थिंगची पिन काढून टाकूनही ही गुणगुण थांबते; पण तसे कधीही करू नका! गिटारच्या तारा केबलमधून ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. उपकरणात बिघाड झाला, तर धोक्याचा प्रवाह त्या पिनेवाटे जमिनीत जातो. पिन नसेल, तर तो वाजवणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा मंचावरच अंत झाला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला त्यांचा हात लागला होता.

आता विचार करा: दोन वेटोळ्यांचे वेढे एकाच दिशेने ठेवून फक्त एक चुंबक उलटा केला, तर काय ऐकू येईल? चिन्हे मांडून उत्तर काढा.