आटे गेलेल्या स्क्रूच्या छिद्रांची दुरुस्ती

शेतमाल वाहणारी गाडी दर वेळी मोठ्या बिघाडानेच अडते असे नाही. पुष्कळदा एखादी क्षुल्लक गोष्ट तिला अडविते. फाळक्याच्या बिजागरीचा एक स्क्रू ढिला होतो, त्याचा भार शेजारच्या स्क्रूंवर पडतो, आणि एके दिवशी भर रस्त्यात फाळका निखळून पोती खाली येतात. त्या वेळी मागून कोणी दुचाकीवरून येत असेल, तर हानी केवळ मालाची राहत नाही. गावोगाव फिरणाऱ्या पशुवैद्यकीय वा प्रदर्शन वाहनातील कपाटांचीही तीच कथा आहे. दाराची बिजागरी सुटली की औषधांच्या बाटल्या खाली पडून फुटतात. नवा स्क्रू बसवू जावे, तर तोही त्याच छिद्रात नुसता फिरत राहतो. यास्तव दुरुस्ती करावयाची ती स्क्रूची नसून छिद्राची होय.

छिद्र का बिघडते?

स्क्रूचे आटे लाकडाच्या तंतूंमध्ये रुततात व त्या तंतूंच्या आधारावर स्क्रू टिकतो. हे तंतू तुटले की पकड जाते. वाहनाला सतत बसणारे हादरे, स्क्रू वारंवार काढणे-घालणे, गरजेपेक्षा जास्त आवळणे आणि आरंभीच फार रुंद छिद्र पाडणे ही त्याची मुख्य कारणे आहेत. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळेही पकड सैल होते. छिद्रातून पाणी शिरल्यास स्क्रू गंजतो आणि भोवतालचे लाकूड कुजू लागते.

आधी तपासणी करावी

गाडी रिकामी करून चाकांना उटी लावावी. फाळका खालून टेकू देऊन धरावा व मगच बिजागरी काढावी. छिद्राभोवतालच्या लाकडात आरी टोचून पाहावी. आरी सहज आत गेली किंवा लाकूड काळे पडून भुसभुशीत झालेले दिसले, तर ते कुजले आहे असे समजावे. अशा लाकडात कोणतेही भरण टिकत नाही. तेवढा भाग कापून निरोगी, वाळलेल्या लाकडाचा तुकडा बसविणे हाच उपाय होय. वाहनाच्या भिंतीत नवे छिद्र पाडण्यापूर्वी मागे विजेची तार अथवा इंधनाची नळी नाही, याची खात्री करून घ्यावी.

भाराप्रमाणे उपाय

(१) हलका भार. कपाटाची कडी, खुंटाळे अशा ठिकाणी आगकाड्या किंवा बांबूच्या बारीक कामट्या वापराव्यात. काड्यांची गुलाची टोके तोडून टाकावीत. त्यांना गोंद लावून छिद्र घट्ट भरावे, गोंद पूर्ण वाळू द्यावा आणि वर आलेली टोके पटाशीने कापून सपाट करावीत. लाकडाची जाडी पुरेशी असेल तर थोडा लांब स्क्रू लावूनही काम भागते; मात्र त्याचे टोक पलीकडे निघता कामा नये.

(२) मध्यम भार. दाराच्या बिजागरीसाठी जुने छिद्र सामत्याने सुमारे १० मिलिमीटर रुंद व स्वच्छ करावे. त्यात कठीण लाकडाची तेवढ्याच मापाची खुंटी गोंद लावून ठोकावी. एक दिवस थांबून खुंटी सपाट कापावी आणि तिच्या मध्यावर नवे छिद्र पाडावे. खुंटीचे तंतू स्क्रूच्या दिशेने जात असल्याने तिची पकड मूळ लाकडाहून काहीशी कमी असते. म्हणून शक्य तेथे खुंटीच्या पलीकडच्या निरोगी लाकडात पोचेल असा लांब स्क्रू निवडावा.

(३) जड भार. फाळका, साखळीचा आकडा, तळाच्या फळ्या अशा जागी भरणावर विसंबू नये. छिद्र आरपार पाडून बोल्ट घालावा. मागील बाजूस लोखंडी पट्टी किंवा रुंद वायसर ठेवावा आणि नट सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट आवळावा.

(४) पातळ प्लायवूड. ६ मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये आट्यांना पकडावयास जागाच थोडी असते. तेथे मागील बाजूस सुमारे २० मिलिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवून स्क्रू त्यात बसवावा.

गोंदाविषयी एक सूचना ध्यानात ठेवावी. सरस पाण्याने मऊ पडतो आणि साधा पांढरा गोंद सतत ओल सोसत नाही. वाहनाच्या बाहेरील भागासाठी दोन घटक मिसळून तयार होणारा इपॉक्सी वापरावा व डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत त्यास हात लावू नये.

स्क्रू बसविण्याची रीत

छिद्र स्क्रूच्या आट्यांइतके नव्हे, तर त्याच्या आतील गाभ्याइतके असावे. ४ मिलिमीटरच्या स्क्रूस मऊ लाकडात सुमारे २.५ व कठीण लाकडात सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र पुरते. आट्यांना थोडे मेण लावावे. पूर्वी बसविलेला स्क्रू परत घालताना तो आधी उलट फिरवावा. आटा जुन्या चाकोरीत पडल्याचे हाताला जाणवले की सुलट फिरवू लागावे. शेवटचे फेरे हातानेच द्यावेत आणि डोके टेकताच थांबावे. बाहेरील स्क्रूच्या डोक्याभोवती पाणी रोखणारा लेप लावावा.

ग्रामसेवकांसाठी

एका फळीवर मुद्दाम दोन छिद्रे बिघडवावीत. एकात नवा स्क्रू तसाच घालावा, दुसरे खुंटीने भरून त्यात स्क्रू बसवावा, आणि दोन्ही पक्कडीने ओढून दाखवावेत. खुंटीचा गोंद वाळण्यास वेळ लागतो, म्हणून ही फळी आदल्या दिवशीच तयार ठेवावी. पाहणाऱ्यास फरक आपोआप समजेल.

प्रत्येक हंगामापूर्वी व पावसाळा सरल्यावर गाडीचा प्रत्येक स्क्रू एकदा हाताने चाचपून पाहावा. घरी अर्धा तास दिला, तर रस्त्यावरचा संपूर्ण दिवस वाचतो आणि कोणाच्या जिवावर बेतण्याचा प्रसंगही टळतो.