चिन्ह सर्वांना ठाऊक, चित्रकार कोणालाच नाही



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गावर बदली तासाला गेलो होतो. पुस्तक उघडण्याआधी मी फळ्यावर शून्य, शून्य, सात असे आकडे काढले आणि सातला पुढे पिस्तुलाची नळी जोडली. अर्धा वर्ग एकदम म्हणाला, "जेम्स बाँड!" मग मी विचारले, "हे चिन्ह कोणी काढले?" वर्ग शांत. शेवटी एक जण उठून म्हणाला, "सर, कंपनीने काढले असेल."

त्या उत्तरावरूनच हा पाठ लिहावासा वाटला. चित्र कंपनी काढत नाही, माणूस काढतो. माझी पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे माझ्या मराठीत कुठे हिंदीची झाक दिसली तर सांभाळून घ्यावे.

बोधचिन्ह म्हणजे ज्याला आपण लोगो म्हणतो ते. थोड्या रेघांत पुष्कळ सांगणे हे त्याचे काम. सिनेमाचे बोधचिन्ह पोस्टरवर, तिकिटावर, पुस्तकावर, खेळण्यावर, लहान-मोठे कसेही छापले तरी ओळखू आले पाहिजे. आता अशी तीन चिन्हे आणि ती काढणारी तीन माणसे पाहू.

1) जो कॅरॉफ : नीट पाहणे

न्यूयॉर्कचे चित्रकार जो कॅरॉफ यांचा जन्म 1921 चा. "डॉ. नो" हा पहिला बाँडपट 1962 साली आला. त्याच्या प्रसिद्धीच्या पत्रांसाठी लेटरहेडवर छापायला एक चिन्ह हवे होते. काम एवढेच. गुप्तहेराचा क्रमांक 007. पेन्सिलीने आकडे काढताना कॅरॉफ यांच्या लक्षात आले की सातची तिरपी दांडी पिस्तुलाच्या मुठीसारखी दिसते. त्यांनी वरच्या आडव्या रेघेला नळी जोडली, खाली चाप काढला आणि चिन्ह तयार झाले. सात तर आपण रोजच लिहितो, पण त्यात दडलेली मूठ त्यांना दिसली.

या कामाचे त्यांना 300 डॉलर मिळाले. पुढे मानधन नाही, सिनेमाच्या नामावलीत नावही नाही. 2021 पर्यंत त्या मालिकेचे 25 चित्रपट आले आणि ते चिन्ह जगभर फिरले. त्यातून दुसरी कामे मात्र त्यांना पुष्कळ मिळाली. 2021 साली त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बाँडपटाच्या निर्मात्यांनी 007 कोरलेले घड्याळ त्यांना भेट दिले. ऑगस्ट 2025 मध्ये, 104 व्या वाढदिवसाच्या एक दिवस आधी, ते वारले.

2) नील फुजिता : अर्थ शोधणे

यांचाही जन्म 1921 चाच, हवाई बेटांवरचा, आईवडील जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन ठेवले. त्यांत चित्रकलेचा हा तरुण विद्यार्थीही होता. पुढे तो त्याच देशाच्या सैन्यात भरती झाला आणि युद्ध संपल्यावर पुन्हा चित्रकलेकडे वळला.

1969 साली मारियो पुझो यांची "द गॉडफादर" ही कादंबरी निघाली. तिचे मुखपृष्ठ फुजितांनी केले. गुन्हेगारांच्या टोळीवरचे पुस्तक म्हटल्यावर एखाद्याने बंदूक किंवा रक्त काढले असते. त्यांनी काढला एक हात, हातात कठपुतळीची फुली आणि तिथून अक्षरांवर उतरणाऱ्या दोऱ्या. पडद्यामागे बसून लोकांना नाचवणारा कोणी एक आहे, हे त्या चित्राने न बोलता सांगितले. 1972 च्या चित्रपटानेही तेच चिन्ह घेतले. फुजिता 2010 साली वारले.

3) चिप किड : अभ्यास करणे

1990 साली मायकेल क्राइटन यांची "जुरासिक पार्क" ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठ करायचे होते प्रकाशन संस्थेतल्या चिप किड या विशीतल्या तरुणाला. जिवंत डायनासोर कोणी पाहिलेला नाही, हाडे मात्र सापडली आहेत. म्हणून त्यांनी न्यूयॉर्कचे निसर्ग-इतिहास संग्रहालय गाठले. तिथल्या एका पुस्तकात टिरॅनोसॉरसच्या सांगाड्याची आकृती मिळाली. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईच्या पेनने त्यांनी ती नव्याने रेखाटली आणि सांगाडा काळ्या सावलीसारखा केला. 1993 च्या चित्रपटासाठी त्यातच थोडे फेरफार करून बोधचिन्ह झाले. चित्रपटात तर त्या उद्यानाच्या गाड्यांवरही तेच दिसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. किड यांनी आधार घेतला, पण कुठून घेतला ते सर्वांसमोर सांगितले आणि त्यात स्वतःची भर घातली. प्रकल्पाच्या वहीत इंटरनेटवरचे चित्र जसेच्या तसे चिकटवून खाली आपले नाव लिहिणे आणि हे, यांत फरक आहे.

इंदूरच्या मुलांना हा विषय परका वाटू नये. 1915 साली पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन लहानाचे मोठे झाले ते आपल्या इंदुरात, आणि पुढे मुंबईत सुरुवातीला ते सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरीत. आमच्या लहानपणीही टॉकीजवरचे बोर्ड हाताने रंगवलेले असत. आम्ही नटाचे नाव वाचायचो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचे नाव असे, ते कोणी वाचत नसे.

आता पालक आणि विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द, आणि त्यात माझीच चूक आधी सांगतो.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे बोधचिन्ह नववीतल्या एका मुलीने काढले होते. मोर आणि पुस्तक एकाच रेघेत. ते निमंत्रणपत्रिकेवर, मंडपाच्या फलकावर, सर्व प्रमाणपत्रांवर छापले गेले. सर्वांनी कौतुक केले. पत्रिकेत पाहुण्यांची नावे होती, विश्वस्तांची होती, माझे होते, तळाशी छापखान्याचे सुद्धा होते. त्या मुलीचे मात्र कुठेच नव्हते. तिच्या आजींनी पत्रिका दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "यात तुझं नाव कुठं आहे गं?" पालकसभेत तिच्या आईने हे मला सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, सहज. माझ्याकडे उत्तर नव्हते. पत्रिकेचे प्रूफ मीच तपासले होते.

कॅरॉफ यांना आठवणीची भेट मिळायला शंभरी गाठावी लागली. आपल्या मुलांना एक वर्षसुद्धा थांबावे लागू नये. म्हणून यंदापासून पत्रिका, फलक, वार्षिक अंक, जिथे विद्यार्थ्याचे चित्र किंवा अक्षर असेल तिथे त्याचे नाव आणि इयत्ता छापली जाईल. विश्वस्तांना विनंती की पत्रिकेत एक ओळ वाढली तर ती खर्च समजू नये. त्या मुलीची मी वर्गात जाऊन क्षमा मागितली आहे. यंदाचे चिन्हही तीच काढत आहे.

स्वाध्याय

1. आपल्या गल्लीतली किंवा बाजारातली हाताने रंगवलेली एक पाटी शोधा. ती कोणी रंगवली ते दुकानदाराला विचारून लिहा.
2. 1 ते 9 पैकी कोणताही एक मराठी अंक घ्या. त्यात कोणती वस्तू दडलेली दिसते ते चित्र काढून दाखवा.
3. आवडत्या पुस्तकाचे मुखपृष्ठ कोणी केले ते आतल्या पानावर पाहा. पाच पुस्तकांची नोंद करा.

उत्तरे चित्रकलेच्या वहीत लिहून चित्रकलेच्या बाईंना दाखवावीत. आणि हो, चित्राखाली आपले नाव लिहायला विसरू नका.

— मुख्याध्यापक